न घेतलेली टेस्ट

उत्तम नगर, सिडको, नाशिक
२४ जुलै

चि. निकितास,

सप्रेम जयभीम.

तुझा मेसेज मिळाला. "पप्पा, फोन करू नका. जे सांगायचं ते लिहून, तारीख घालून पाठवा." तुझ्या आईने तो दोनदा वाचला आणि म्हणाली, पोरगी असं कधी बोलत नाही. मोबाइलवर मराठी टाइप करणं मला जमत नाही, म्हणून वहीत लिहून पानांचे फोटो पाठवतोय. अक्षर लागलं नाही तर कळव.

आधी सांग, खेमराज कसा आहे? सोळा तारखेला दुपारी तू फोनवर सांगितलंस तेवढंच मला माहीत. बी फेजचा सीटी फुटला, पेटलेलं तेल आणि चिनीमातीचे तुकडे सबस्टेशनच्या यार्डभर उडाले, आणि शेजारचा मीटर वाचत उभा असलेला तुझा टेक्निशियन त्यात सापडला. डावा हात आणि चेहरा. पुढचं तुला बोलवेना.

शेजारच्या सुलाबाईंनी विचारलं, फुटलं ते नेमकं काय होतं? मी सांगितलं, तारेतून किती करंट जातो ते मोजणारं यंत्र असतं, माणसाहून उंच, आत तेल भरलेलं. त्या म्हणाल्या, "आणि ते तुम्हीच बनवता ना कंपनीत?" मी म्हटलं, मी बनवत नाही, तपासतो.

तुला आठवतं का, बुद्धपौर्णिमेला विहारात मी माइक घेतला होता. आईने तुला व्हिडिओ पाठवला होता. मी सांगितलं होतं की आता पावसाळ्यात नेपाळच्या नद्यांची वीज आपल्याकडे येणार, आपल्याच तारांवरून पुढे बांगलादेशालाही जाणार, आणि हिवाळ्यात तिकडे नद्या आटल्या की आपल्या उन्हाची वीज वर जाणार. कोळसा तेवढा कमी जळणार. आणि त्या तारेच्या पलीकडच्या टोकाला, लुंबिनीच्या बाजूला, आमची निकिता उभी आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तुझी आई लुंबिनीला कधी जायचं ते विचारत होती.

असो. सीटी फुटायला शंभर कारणं असतात. वीज पडते. ट्रकमध्ये हादरे बसतात, आणि नाशिकहून तिथपर्यंतचा रस्ता काही थोडाथोडका नाही. उतरवताना नग आडवा झाला तर आतली गुंडाळी सरकते. चौकशीत हे सगळं बघायला सांग. घाईने कुणी काही लिहून घेत असेल तर सही करू नकोस.

तुझा प्रश्न माझ्या लक्षात आहे. त्या तिन्ही फेजच्या नगांच्या रिपोर्टवर माझी सही आहे. एकतीस वर्षं मी त्या लॅबमध्ये आहे. माझ्या सहीवर आजवर कुणी बोट ठेवलेलं नाही. रिपोर्ट पुन्हा नीट बघ.

वेळेवर जेवत जा.

तुझे पप्पा

•

नाशिक
२९ जुलै

चि. निकितास,

पत्र तू लगेच वाचलंस ते कळलं. उत्तर मात्र तीन दिवसांनी आलं, एका ओळीचं. "रिपोर्ट माझ्याकडे आहे. मी रिपोर्टबद्दल विचारलं नव्हतं."

बरोबर आहे. तू विचारलं होतंस की रिपोर्टवरच्या दुसऱ्या टेस्टच्या वेळी मी स्वतः तिथे उभा होतो का.

तू आईशी बोलतेस हे मला माहीत आहे. तुझा फोन आला की ती आतल्या खोलीत जाते आणि दार लोटून घेते. मी टीव्हीचा आवाज वाढवतो. बाहेर आल्यावर ती मला थोडंसं सांगते. तुला यार्डात यायला मनाई केली आहे आणि तू गेस्ट हाउसवर नुसती बसून आहेस. तू रोज हॉस्पिटलला जातेस आणि खेमराजची बायको तुला दारातूनच परत पाठवते. त्यानेच सांगितलंय म्हणे, मॅडमना आत सोडू नको. तुझी आई म्हणाली, "तिला वाटतं तो तिच्यावर चिडलाय. आणि त्याने चिडू नये का?"

मे महिन्यातला तुझा फोन मी विसरलेलो नाही. तू म्हणाली होतीस, "पप्पा, बी फेजच्या इन्सुलेशनचा आकडा माझ्या मीटरवर दुप्पट येतोय. वायचाही थोडा जास्त आहे. चार्जिंग थांबवू का?" मी म्हटलं होतं, "हवा दमट आहे, पोर्सेलीन पुसून घे आणि परत बघ." तू पुसून परत आकडा घेतलास. आकडा थोडाच उतरला. तू पुन्हा फोन केलास. मी म्हटलं, "चार्ज कर, सोड वीज. मी तपासलेला नग आहे."

दमट हवेत आकडा चढतो. हे खोटं नाही. कुणालाही विचार.

काल भामरे साहेब घरी आले होते. आमचे क्वालिटीचे मॅनेजर, तुला आठवत असतील, तू इंजिनियर झालीस तेव्हा त्यांनी तुला पेन दिलं होतं. सोफ्यावर बसले, चहा घेतला, मग फाइलमधून एक कागद काढला.

"सावळीराम, समिती येतेय. दोन्हीकडची माणसं आहेत. आपलं म्हणणं एक पाहिजे."

मी वाचलं. इंग्रजीत होतं. कारखान्यातून निघताना सर्व नग निर्दोष होते, साइटवर हाताळणीत चूक झाली, आणि संशयास्पद आकडा दिसूनही साइट इंजिनियरने यंत्र चार्ज केलं.

मी म्हटलं, "साहेब, साइट इंजिनियर म्हणजे माझी मुलगी."

ते म्हणाले, "मला माहीत आहे. म्हणून तर मी स्वतः आलो. तिचं वय लहान आहे, तिला दुसरी नोकरी मिळेल. पण कारखाना अडकला तर इथली चारशे माणसं घरी बसतील. आणि तिकडचे पेपर काय लिहितायत बघा, भारताचा माल असाच म्हणून. त्यांना हाताळता येत नाही हे आपण लिहायचं की नाही?"

मी म्हटलं, विचार करून सांगतो. कागद ठेवून गेले. टेबलावर आहे. सही केलेली नाही, हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

ते जाता जाता म्हणाले की बी फेजला नवा नग बसवलाय आणि लाइन त्याच दिवशी पुन्हा चालू झाली. तिकडे धरणं भरून वाहतायत, वीज वाया जात होती, इकडे त्या बदल्यात कोळसा जाळावा लागत होता, दोन्ही सरकारांना घाई होती. बरं झालं असं ते म्हणाले. मीही हो म्हणालो.

पप्पा

•

१ ऑगस्ट, सकाळ

निकिता,

तू फोन कट केलास म्हणून लिहितोय. आधी हे कर, बाकीचं नंतर वाच.

वाय फेजचा सीटी बंद करायला लाव. आत्ताच्या आत्ता. नंबरात शेवटी ४१७ आहे. तुला यार्डात जाता येत नसेल तर शिफ्ट इंचार्जला फोन कर, समितीतल्या श्रेष्ठ मॅडमना कर, कुणालाही कर. तोपर्यंत त्याच्या आसपास एकही माणूस जाऊ देऊ नका. कारण विचारलं तर सांग, कारखान्याच्या टेस्टरने लेखी कळवलंय की या नगाची टेस्ट झालेली नाही. हा फोटो दाखव.

सावळीराम पगारे
सीनियर टेस्टर

•

नाशिक
१ ऑगस्ट, संध्याकाळ

निकिता,

"बंद केला," एवढे दोन शब्द तू दुपारी पाठवलेस. ते वाचून मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ तिथेच बसलो.

आता सगळं लिहितो.

अकरा मार्चला तिन्ही नग टेस्टला लागले. जास्त दाब देऊन आत कुठे ठिणगी उडते का ते बघायची टेस्ट. आर फेजचा नग पास झाला. बी आणि वाय दोन्ही फेल. फार नाही, मर्यादेच्या थोडे वर. म्हणजे आतल्या कागदात ओल राहिली होती. परत ओव्हनमध्ये घालून सुकवायचे, तेल भरायचं, थांबायचं, पुन्हा टेस्ट. आठवडा गेला असता.

मी भामरे साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "सावळीराम, गाडी गेटवर उभी आहे. तेल जरा बसू द्या, संध्याकाळी पुन्हा लावा. बघा काय करता येतं." तेल स्थिरावलं की कधीकधी आकडा उतरतो, हे खरं आहे. त्यांनी मला खोटं लिहा असं म्हटलं नाही. तेवढं त्यांच्या बाजूने लिहायलाच हवं.

संध्याकाळी टेस्टचा हॉल दुसऱ्या ऑर्डरला दिलेला होता. मी लॅबमध्ये बसलो, आर फेजचे आकडे समोर घेतले, थोडे खालीवर केले, आणि बी आणि वायच्या दुसऱ्या टेस्टच्या रकान्यात लिहिले. सही केली. पाच मिनिटांचं काम. मी उभा नव्हतो, निकिता. कुणीच उभं नव्हतं. ती टेस्ट झालीच नाही.

का केलं, ते लिहितो, पण सबब म्हणून धरू नकोस. लाइनच्या उद्घाटनाची तारीख ठरलेली होती. त्याच आठवड्यात तू म्हणाली होतीस, "नग वेळेत आले नाहीत तर उशीर माझ्या नावावर लागेल. आधीच सगळे म्हणतात, ही पोरगी काय यार्ड सांभाळणार." मला वाटलं, तुझ्या लाइनला आपल्यामुळे खोळंबा नको. आणि मला रिटायरमेंटनंतर एक वर्षाचं एक्स्टेन्शन हवं होतं, तो कागद भामरे साहेबांच्या टेबलावर होता. दोन्ही खरं आहे. त्यातलं कुठलं जास्त खरं ते मला आज सांगता येत नाही.

पण मार्चचं सोड. मार्चमध्ये मी खोटं लिहिलं. मेमध्ये तू फोन करून मला त्यातून सुटायची वाट दिलीस, एकदा नाही, दोनदा. तुझ्या मीटरने बरोबर पकडलं होतं. थांबवू का, एवढंच तू विचारत होतीस. आणि मी तुला बाप म्हणून सांगितलं, चार्ज कर. तू आकड्यावर विश्वास ठेवला असतास तर खेमराजचा हात शाबूत असता. तू माझ्यावर ठेवलास.

आज सकाळी भामरे साहेबांचा तो कागद मी तुझ्या आईला मराठीत समजावून सांगत होतो. ती गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. मी बोलता बोलता म्हणून गेलो की दोन नग तसेच गेले होते. म्हणजे आधी ठरवून नाही, निघून गेलं तोंडातून.

तिने हात थांबवले. "दोन? फुटला तो एक. दुसरा कुठाय?"

"तिथेच आहे. लाइनवर."

"चालू आहे?"

"हो. अठ्ठावीस तारखेपासून."

"त्याच्या खालून माणसं जातात?"

ती उठली, माझा मोबाइल आणून माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "मग तुम्ही इथं बसून काय वाचून दाखवताय मला?"

लाइन चालू झाल्याचं मला भामरेंनी सांगितलं तेव्हापासून चार दिवस मी चहा पीत होतो, पेपर वाचत होतो, कंपनीत जात होतो. त्या चार दिवसांत वाय फेजच्या खालून किती जण गेले असतील? मी मनात म्हणत होतो की आकडा फार वर नव्हता, टिकेल. बी फेजबद्दलही हेच म्हटलं होतं.

हे पत्र समितीला दे. त्यासाठीच तू लिहून मागितलं होतंस, हे मला पहिल्या दिवशीच समजलं होतं. समजत नाही असं दाखवलं.

पप्पा

•

नाशिक
१३ ऑगस्ट

चि. निकितास,

समिती काल कंपनीत येऊन गेली. पाच जण होते, तीन आपले, दोन नेपाळचे.

आत जाण्याआधी भामरे साहेब मला लॅबच्या दाराशी भेटले. हळू आवाजात म्हणाले, "सावळीराम, बाहेरची माणसं आहेत. घरातलं घरात ठेवा. आपण मागाहून आपल्यात बघू."

मी म्हटलं, "साहेब, वायच्या खालून त्यांची माणसं फिरत होती."

त्यांना दुसऱ्या नगाचं खरोखर माहीत होतं की नव्हतं, मला अजून कळलेलं नाही.

आत मी सगळं सांगितलं. अकरा मार्चचं लॅबचं रजिस्टर दाखवलं, हॉल त्या संध्याकाळी दुसऱ्या कामाला होता ते त्यात दिसतं. नेपाळकडच्या श्रेष्ठ मॅडमनी वाय फेजच्या नगातल्या तेलाचा रिपोर्ट आणला होता. तेलात गॅस भरलेला, म्हणजे आत जळायला लागलेलं. त्या शांतपणे हिंदीत म्हणाल्या, "ये भी जाता. महीना, दो महीना." आपल्याकडचे एक साहेब खिडकीबाहेर बघत होते.

मग मी म्हटलं, साइट इंजिनियरची यात चूक नाही, तिला चार्ज करायला मी सांगितलं. त्यावर मॅडम म्हणाल्या, "ये आपने पहली बार बताया. आपकी बेटी ने नहीं बताया."

मला समजलं नाही. त्यांनी कागद वाचून दाखवला. सतरा जुलैला, पहिल्याच दिवशी, तुला विचारलं होतं की आकडा दुप्पट दिसूनही तू चार्ज का केलंस. तू लिहिलं होतंस, निर्णय माझा होता. नंतर आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच. माझं नाव कुठेच नाही.

सोळा दिवस तू वाट बघत होतीस की मी आपणहून सांगतो का. आणि मी तुला ट्रकच्या हादऱ्यांबद्दल लिहीत होतो.

माझ्या जबाबाने तू मोकळी होशील असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. मॅडम म्हणाल्या, वडिलांनी सांगितलं तरी आकडा तिच्यासमोर होता, आणि हे ती स्वतःच म्हणते आहे. तुला ताकीद मिळेल, सहा महिने चार्जिंगचं काम देणार नाहीत. मी भांडायला लागलो तर त्यांनी हात वर केला. "पगारे जी, उसको उसका हिस्सा रखने दीजिए." बाहेर आल्यावरही ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

मला सस्पेंड केलंय. भामरे साहेबांचीही चौकशी लागली. कंपनीचे नेपाळ आणि बांगलादेशला जाणारे सगळे नग थांबवलेत, पुन्हा टेस्ट होणार. शिफ्ट सुटताना फकिरा, ज्याच्याबरोबर मी वीस वर्षं डबा खाल्ला, मला म्हणाला, "सावळीराम भाऊ, परक्यांसमोर देशाचं नाव घालवलंत." मी त्याला समजावणार होतो. त्यांच्याकडे आपला माल तपासायला यंत्रं नसतात म्हणून नाही, तर आपला कागद खरा असतो म्हणून ते तो माल खाली उतरवून घेतात. एका देशाची वीज दुसऱ्याच्या घरात जाते ती तेवढ्याच्याच जोरावर. पण तो बसमध्ये चढून गेला होता.

आज तुझा मेसेज आला, खेमराजला तू त्यांच्या भाषेत दाजू, म्हणजे दादा, म्हटलंयस. "खेमराज दाजूंना तुम्ही स्वतः येऊन सांगा. मी बॉर्डरवर घ्यायला येईन. माझ्याकडे राहायचं नाही."

येतो. नाशिकरोडहून बावीस तारखेची गाडी मिळाली. आई येत नाही म्हणते. लुंबिनीला अशा कामाला जोडून जायचं नाही, असं तिचं म्हणणं.

पप्पा

•

गोरखपूर स्टेशन, वेटिंग रूम
२५ ऑगस्ट

निकिता,

माझी गाडी तीन तास लेट आहे, आणि नसती तरी हे इथेच लिहिलं असतं.

तू हॉस्पिटलच्या व्हरांड्यात थांबलीस. मी बाहेर आलो तेव्हा तू म्हणालीस, "पप्पा, आत्ता काही बोलू नका." बॉर्डरपर्यंत दोन तास आपण जीपमध्ये होतो आणि मी बोललो नाही. आत काय झालं ते सांगतो, मग बोललो का नाही तेही सांगतो.

खेमराज खाटेवर बसलेला होता. वाटलं होतं त्याहून लहान आहे, पस्तिशीतला. अर्ध्या चेहऱ्यावर बँडेज, डावा हात कोपराखाली नाही. बायको स्टुलावर होती. मी उभाच राहिलो. हिंदीत सांगितलं, मी निकिताचा बाप, आणि जो सीटी फुटला त्याच्या टेस्टवर माझी सही आहे.

त्याने विचारलं, "टेस्ट में क्या निकला था?"

"टेस्ट हुआ ही नहीं था. मैंने झूठ लिखा."

त्याने परत विचारलं, "मतलब अंदर से पहले ही खराब था? नाशिक से ही?"

"हाँ. वहीं से."

त्याने बायकोकडे बघितलं आणि त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला. तिने तोंडावर पदर धरला. मला वाटलं आता मला शिव्या बसतील. पण तो रडायला लागला, निकिता. एका डोळ्याने, मोठ्याने, लहान मुलासारखा.

मग त्याने सांगितलं. त्या दिवशी सकाळी बी फेजच्या खालच्या बोल्टपाशी तेल किंचित पाझरताना दिसलं. त्याने पाना घेऊन तो बोल्ट जरा कसला. कुणाला विचारलं नाही, नोंद केली नाही. दुपारी स्फोट झाला. तेव्हापासून, चाळीस दिवस, तो समजत होता की त्याने बोल्ट जास्त कसला, आत काहीतरी तडकलं आणि त्यामुळे हे झालं. बायको सोडून कुणालाच त्याने हे सांगितलं नव्हतं. समितीलाही नाही.

तो म्हणाला, "मैडम की नौकरी मेरे कारण गई, यही सोचता रहा. वो रोज आती थीं. मैं किस मुँह से मिलता?"

तू रोज दारातून परत गेलीस ते त्यासाठी. तो तुझ्यावर चिडलेला नव्हता. तुला तोंड दाखवायची त्याला लाज वाटत होती.

मी त्याला सांगितलं की बोल्ट कसल्याने काहीच झालं नसतं, नग आतून जळत होता, पाझर त्याचाच होता. त्याने ते मला तीन वेळा सांगायला लावलं. मग तो शांत झाला, आणि मग त्याचा चेहरा बदलला. म्हणाला, "आपको मार्च से मालूम था." मी हो म्हटलं. "मेरा हाथ तो गया न, पगारे जी." मी पुन्हा हो म्हटलं. त्याची बायको उठली, दार उघडलं आणि म्हणाली, "अब आप जाइए." माफी मागायची मी वाटेत शंभर वेळा तयारी केली होती. मागितली नाही. ती मागणं म्हणजे त्याच्याकडून आणखी काहीतरी घेणं झालं असतं.

मी दारात पोहोचलो तेव्हा ड्रेसिंगला नर्स आली होती. तिच्या मागून त्याने हाक मारली. "मैडम को बोलिए, कल आएँ. अकेली आएँ."

हे मी तुला व्हरांड्यातच सांगायला हवं होतं. तू बोलू नका म्हणालीस हे खरं, पण मी गप्प राहिलो त्याचं कारण ते नाही. सांगितलं असतं तर मला ड्रायव्हरबरोबर पाठवून तू तिथेच थांबली असतीस. मला दोन तास तुझ्या शेजारी बसायचं होतं. वाटेत तू माझ्या बाजूची काच वर केलीस, धूळ येत होती म्हणून. एवढ्यासाठी मी पुन्हा एक गोष्ट दाबून ठेवली. बॉर्डरवर उतरल्यावर कळलं की आपण अजून तेच करतोय. म्हणून घरी जाईपर्यंत थांबलो नाही.

नर्सने सांगितलं, त्याचं ड्रेसिंग रोज दहाला असतं. अकराला त्याची बायको खाली जेवण आणायला जाते, तेव्हा तो एकटाच असतो. उद्या अकराला जा.

पप्पा